बिनमोटारीच्या वाटा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘सायकल’ असे उत्तर दिले. पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर रविवारची सुटी आपल्याला कशी मिळाली ते सांगावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. सुटीवर आम्ही बोलणारच आहोत. पण ती मिळाल्यावर माणसाने जावे कुठे, हाही प्रश्न चळवळीचाच आहे असे आमचे मत आहे. आणि तो आम्हांला प्रथम पडला तो शीळफाट्यावर उभे असताना.

फाटा म्हणजे गाव नव्हे. शीळ हे गाव. फाटा ही केवळ रस्त्याला फुटलेली फांदी. येथून एक रस्ता कल्याणला जातो, दुसरा मुंब्र्यावरून ठाण्याला, तिसरा तळोज्याकडून पनवेलला, आणि चौथा पारसिकचा डोंगर ओलांडून महाप्याला उतरतो. युनियनवाले फाटे फोडण्यात पटाईत, असे मालक लोक म्हणतात. तसे असेल तर ही जागा आमच्या स्वभावास मानवणारीच म्हटली पाहिजे. फाट्यावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी मलंगगड दिसतो, आणि त्याच्यामागे माथेरानची रांग. पश्चिमेस पारसिकच्या खाणींनी कुरतडलेली कूस. मध्ये धुरळा आणि कंटेनरची रांग.

आमचे वडील कल्याणकडच्या एका कारखान्यात पाळीला जात. त्यांची सायकल काळी, चोवीस इंची, मागे रुंद कॅरिअर. त्या काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत असे, आणि कर भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला तर शिपाई चाकातली हवा सोडून देई. एवढा कर भरून वडिलांना रस्त्याचा जो भाग मिळे तो डांबराच्या कडेचा वीतभर. तरीही १९८० च्या सुमारास, आम्ही दहा-बारा वर्षांचे असताना, ते सुटीच्या दिवशी आम्हांला पुढच्या नळीवर बसवून शीळच्या बाजूस नेत, हे आम्हांला स्पष्ट आठवते. दोन्हीकडे भातखाचरे, मध्येच एखादा ट्रक. ट्रक येताना दुरून ऐकू येई, इतकी शांतता असे.

ती शांतता कोणी बहाल केली नव्हती. त्या रस्त्यावरून नेण्यासारखा माल अजून तयार झाला नव्हता, इतकेच तिचे कारण. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंदराचा माल भिवंडीच्या गोदामांकडे, नाशिककडे, गुजरातकडे निघाला आणि त्याची वाट शीळफाट्यावरूनच जात होती. वडिलांची वीतभर जागा त्या चाकांखाली गेली. तिच्याबद्दल कोणी कोणाशी करार केलेला नव्हता, म्हणून ती मोडल्याची तक्रारही कोणाला करता आली नाही. आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच आहे: जे लिहून घेतलेले नाही, ते मालकाच्या मर्जीवर असते. रस्त्याच्या बाबतीत मालक कोण, एवढाच काय तो घोळ.

आता सुटीकडे वळू. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्याचे, जन्म १८४८ चा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले हे कार्यकर्ते. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. गिरणीत त्या वेळी आठवड्याची सुटी नव्हती. उजाडले की आत, मावळले की बाहेर. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ती मालकांनी ‘मान्य’ केलेली होती, हे ध्यानात घ्यावे. मान्य केलेले अमान्यही करता येते. म्हणून पुढे ती कायद्यात जावी लागली, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात ती कलम ५२ म्हणून उभी राहिली. ज्यांना कायद्याने सुटी असूनही रविवार मिळत नाही अशी माणसे शीळफाट्याच्या परिसरातील गोदामांत आम्हांला रोज भेटतात. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

सुटी मिळाली. तिचे करायचे काय? युरोपातल्या कामगारांनी या प्रश्नाचे उत्तर सायकलीवर बसून शोधले. इंग्लंडमध्ये सायकल-प्रवाशांचा पहिला मोठा संघ १८७८ सालचा, पण तो खिसा गरम असलेल्यांचा. सायकल स्वस्त होत गेली तशी ती कारागिराच्या हाती आली. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे काही तरुण समाजवाद्यांनी सायकल मंडळ काढले आणि त्यास आपल्या आवडत्या साप्ताहिकाचे, ‘क्लॅरियन’चे, नाव दिले. रविवारी ही मंडळी शहराबाहेर पडत, डोंगराळ खेड्यांतून हिंडत, आणि जाता जाता पत्रके वाटत. हवापालट आणि प्रचार एकाच चाकावर. जर्मनीत १८९६ साली ऑफेनबाख येथे ‘सॉलिडॅरिटेट’ नावाचा कामगारांचा सायकल संघ निघाला. पहिल्या महायुद्धापूर्वी त्याचे सभासद दीड लाखांच्या घरात गेले होते. त्यांनी स्वतःचा सहकारी सायकल कारखानाही चालवला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, तेव्हा युनियनांबरोबर हा संघही बंद करण्यात आला. सायकलवर फिरणाऱ्या कामगारांची हुकूमशहाला भीती का वाटावी, याचा विचार करण्यासारखा आहे.

पण फिरायचे कुठे? मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुरातून मान वर केली की किंडर स्काउटचे पठार दिसे, आणि ते सगळे जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव. १९३२ साली शेकडो तरुण कामगारांनी ठरवून त्या बंदी असलेल्या पठारावर चाल केली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. आगगाडीच्या स्थानकावर पोलीस आपल्याला अडवतील हे ओळखून तो सायकलीने गेला. पाच जणांना तुरुंगवास झाला, त्यात तोही होता; पुढे इंजिनिअरिंग कामगारांच्या युनियनमध्ये त्याने आयुष्य घालवले. त्या चालीचा दिवस होता २४ एप्रिल, लोखंड्यांच्या सभेचाच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून आम्ही काही सिद्ध करू पाहत नाही. पण मौज वाटते खरी. १९४९ साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या पायवाटांवर सायकल नेण्याचा हक्क लिहून मिळाला. नंतर बंद पडलेल्या रेल्वेमार्गांची पाळी आली: ब्रिस्टल ते बाथ हा जुना मार्ग स्वयंसेवकांनी १९७९ पासून हाताने साफ करीत नेला आणि १९८६ पर्यंत तो पायी व सायकलीने जाणाऱ्यांसाठी पुरा झाला. तिकडची बिनमोटारीची वाट ही अशी आहे. आधी कोणी तरी तिच्यासाठी आत गेले, मग कोणी तरी झाडू मारला, आणि दरम्यान कोणी तरी ते कागदावर आणले.

आमच्याकडे धाडस कमी होते असे कोणी समजू नये. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायाम क्लबातले सहा पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. सुमारे ४४,००० मैल झाले होते. इराणचे वाळवंट, सिनाई, आल्प्सचे घाट, सगळे याच दोन चाकांवर. त्या काळी वाट बिनमोटारीचीच होती, कारण कित्येक ठिकाणी वाटच नव्हती. सायकली बनवणारेही आमच्यात होते. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० साली खास कायदा करून सरकारने तो ताब्यात घेतला आणि पुढे तो बंद पडला. धाडस होते, सायकल होती. वाट राखून ठेवण्याची बुद्धी मात्र आम्हांला झाली नाही.

वाटा नव्हत्या का? सह्याद्रीसारखा वाटांनी भरलेला डोंगर दुसरा नसेल. कल्याण हे प्राचीन बंदर. तेथून मुरबाड, वैशाखरे करीत नाणेघाटाने जुन्नरला जाणारी वाट दोन हजार वर्षांची आहे. वर लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. फिरायला जाणारे रांजणाचे चित्र काढून घेतात. आमचे लक्ष पायऱ्यांकडे जाते. ते दगड कोणी तरी बसवले, बैलांचे तांडे त्यावरून चढले, आणि लेखात नावे आहेत ती दान देणाऱ्यांची. सायकल वैशाखऱ्यास ठेवून वर चढावे. खांद्यावर घेऊन चढणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत, पण त्यांचे अनुकरण करण्याचे आमचे वय उरलेले नाही.

बोरघाटाची कहाणी जवळची आहे. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत तेथे गाडीरस्ता खुला झाला. मग रेल्वे आली. घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी मजुरांनी दंगल केली. त्या वेळी या देशात युनियन हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. कंत्राटदाराने दोन महिन्यांत काम सोडले. नवा कंत्राटदार ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मेला, तेव्हा त्याच्या विधवेने, ॲलिसने, कंत्राट पुरे करवून घेतले. घाट सायकलीने चढताना खोपोलीच्या वर शिंग्रोबाचे देऊळ लागते. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, आणि बक्षीस विचारले तेव्हा त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, असे सांगतात. दंतकथाच, इतिहासकार ती मानणार नाहीत. आम्ही मात्र तेथे दरवेळी उतरतो. दम लागलेला असतो हेही एक कारण आहे.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्यावर पायी चालणाऱ्यास, सायकलीस आणि दुचाकीस बंदी आहे. तक्रार बंदीची नाही. ताशी शंभराने धावणाऱ्या मोटारींमध्ये शिरण्याची हौस कोणास आहे? नवा रस्ता मोटारींना दिला, तर १८३० च्या जुन्या रस्त्याचा निदान एखादा तुकडा ज्यांना नव्यावर बंदी केली त्यांना लिहून द्यावयाचा होता. ते सुचले नाही. खंडाळ्याचा अमृतांजन पूल त्याच १८३० सालचा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडण्यात आला. रस्ता रिकामा झाल्याबरोबर आपल्याला काय सुचते, पाहा.

आता आमच्या दाराशी असलेल्या वाटेबद्दल. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर पट्टा येथे कारखाने उभे राहिले आणि त्यांना पाणी हवे झाले. त्यासाठी बदलापूरच्या पुढे बारवी नदीवर धरण बांधले गेले, ते १९७२ च्या सुमारास. धरणाचे पाणी जांभूळला शुद्ध होऊन मोठमोठ्या नळांतून काटईकडे, शीळकडे येते. नळ फुटला तर माणसाला तेथे पोचता यावे म्हणून नळाच्या कडेने रस्ता केला. हाच काटई-बदलापूर ‘पाइपलाइन रस्ता’. तो कोणाला फिरण्यासाठी केलेला नव्हता, गावांना जोडण्यासाठीही नव्हता. नळाला सोबत म्हणून केलेला होता. पाण्याची वाट बेताच्या उताराने जाते, म्हणून तिच्या कडेचा रस्ताही सायकलीला सोसेल असा. डाव्या-उजव्या हाताला डोंगर, मध्ये गवत, आणि रहदारी म्हणजे नळावर बसलेली शेळ्या राखणारी पोरे.

आम्ही एका कारखान्यात कामाला लागलो, तेव्हा रात्रपाळी सुटली की आमच्यातले तिघे-चौघे घरी न जाता सरळ त्या रस्त्याला लागत. बायका रागावत, ते बरोबरच होते. पण आठ तास यंत्राचा आवाज ऐकलेल्या कानांना त्या सकाळी काय वाटे, ते सांगणे अवघड आहे. साखळीचा आवाज ऐकू येई. सोबत्याचे बोलणे ओरडल्याशिवाय ऐकू येई. आमच्या युनियनचे पहिले मागणीपत्रक त्या नळावर बसून लिहिले गेले. त्यातील चार मागण्या मान्य झाल्या, आणि पाचवी, सायकलींसाठी छप्पर, ही अखेरपर्यंत झाली नाही. सायकलींनाच गंज चढला.

आज त्या रस्त्यावर डंपर आणि मोटारी आहेत. बदलापूर वाढले, अंबरनाथ वाढले, मोटारवाल्यांना जवळचा मार्ग सापडला. त्यांनी चोरी केली नाही. आम्ही तरी तो रस्ता कुठे परवानगीने वापरत होतो? कोणी मनाई करायचे विसरले होते, तेवढ्यावर आमचा अधिकार चालला होता, आणि तसलाच अधिकार मोटारवाल्यांनीही वापरला. मोटार आणि सायकल दोघेही एकाच विस्मरणावर जगू लागले की कोण जिंकणार, हे सांगायला नको.

येथे कोणी म्हणेल, मग सरळ मोटारींना बंदी करावी. माथेरानला आहेच की! आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे त्या डोंगरावर गेले आणि गोऱ्या साहेबांचे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून छोटी आगगाडी वर चढली. मोटारी दस्तुरीच्या नाक्यावरच थांबतात. शीळफाट्याच्या धुळीतून त्या रांगेकडे पाहणाऱ्याला तो स्वर्ग वाटावा. पण त्या स्वर्गात पाहुण्यांना ओढून नेण्यासाठी ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. तांबड्या मातीच्या चढणीवर माणूस माणसाला ओढी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा द्याव्यात असा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी! बिनमोटारीची वाट म्हटले की आम्ही आधी विचारतो, मोटारीचे काम कोणाच्या खांद्यावर गेले? सायकलीची थोरवी आमच्या दृष्टीने येथेच आहे. बसणारा आणि ओढणारा एकच.

दुसरे उदाहरण याहून कडू आहे. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण १८९२ चे. त्याचे नळ मुलुंडवरून शहरात शिरतात. त्या नळांच्या कडेने, तेथील झोपड्या हटवून, सुमारे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची योजना मुंबई महानगरपालिकेने आखली. नळाच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर जागा मोकळी ठेवावी असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. पाण्याच्या सुरक्षिततेचा विचार त्यामागे होता आणि तो रास्त आहे. पण त्या नळाच्या कडेची हजारो माणसे माहुलला नेली गेली, तेल शुद्धीकरणाच्या धुराड्यांच्या सावलीत, जिथल्या हवेबद्दल हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच चिंता व्यक्त केली होती. लोक आजारी पडले, रस्त्यावर बसून राहिले, कोर्टात गेले. २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की ज्यांना तेथे राहावयाचे नाही त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. आमच्या स्वप्नातली वाट ती हीच: नळाच्या कडेची, मोटारीविना, सपाट. तीवरून चालवताना पॅडलवर पाय जड होणार नाहीत, असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. घरकाम करणारी बाई आणि कचरा वेचणारा माणूस उठवून मिळालेला सायकलमार्ग कामगारांचा कसा म्हणावा? क्लॅरियनवाले जमीनदाराच्या जमिनीवर चालून गेले होते. गरिबाच्या झोपडीवर गेले नव्हते.

मध्यंतरी शीळफाटा पुन्हा वर्तमानपत्रांत आला. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्र्याहून निघून खाडीखालून येतो आणि शीळफाट्याला उजेडात येतो. घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये खोदून आरपार झाला. ज्यांनी तो खोदला त्यांची वसाहत आम्ही पाहिली नाही, कारण आत सोडत नाहीत. डोंगर फोडण्याइतका पैसा आणि अक्कल आपल्याकडे आहे, एवढे त्यावरून कळले. वीतभर कडेची पट्टी राखायला यातले काहीच फारसे लागत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जुन्या सोबत्यांनी मिळून एक अर्ज लिहिला. सवयीने तो मागणीपत्रकासारखाच झाला आहे. रविवारी पहाटे पाच ते सकाळी नऊ या वेळेत काटई ते बदलापूर या रस्त्यावर अवजड वाहनांस बंदी असावी. दूधवाले, भाजीवाले, रुग्णवाहिका आणि कडेच्या गावांतली माणसे यांना ही बंदी लागू नसावी. नळाच्या कडेला सायकल जाईल एवढी पट्टी आखून ती नकाशात दाखवावी, म्हणजे पुढच्या साहेबाला ती विसरता येणार नाही. आणि या कारणासाठी एकही झोपडी, टपरी वा गोठा हलवू नये. पट्टी तेथे वळवावी. शेवटच्या कलमावरून आमच्यात वाद झाला. एक सोबती म्हणाला, अशाने ती पट्टी सापासारखी होईल. आम्ही म्हटले, होऊ दे, बोरघाट तरी कुठे सरळ आहे?

अर्जाची पोच आमच्याकडे आहे. शिक्का जरा तिरका बसला आहे, पण तारीख वाचता येते. उत्तर आलेले नाही. पहिले स्मरणपत्र शिमग्यानंतर दिले, दुसरे पावसाळ्याआधी देऊ. तोवर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही चार-पाच जण काटई नाक्यावर जमतो. येताना दिवा आणावा, अंधार असतो. हवा भरायचा पंप आमच्याकडे आहे.